साहेब, स्पीडचा कॅमेरा आमच्या फाट्यावर लावा : विदर्भातल्या रस्ता सुरक्षा समित्यांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांच्या रस्ता सुरक्षा समित्या, महामार्ग पोलीस, आरटीओ अन रस्ते बांधणारे-सांभाळणारे सगळे साहेब लोक

नमस्कार साहेब,

गाडीची पासिंग जवळ आली म्हणून चलान चेक केले तर माझ्या पिकअपवर स्पीडचे दोन निघाले. एक ९१ चा, एक ८८ चा. दोन्ही एकाच जागचे, फोरलेनवर नाल्याचा पूल उतरला की दोन्ही बाजूनं नुसती तूर अन पऱ्हाटी आहे, घर नाही, फाटा नाही, माणूस औषधाला सापडत नाही, तिथले. मालवाहू गाडीला फोरलेनवर ८० ची लिमिट आहे, मी वर होतो, फोटोत नंबर साफ दिसतो, चूक माझीच. पैसे भरले. दंड माफ करा म्हणून हे पत्र लिहीत नाही हे आधीच सांगतो, कारण दंडाचं नाव काढलं की लोकांना वाटतं आता हा रडणार.

हे पत्र आमच्या फाट्याबद्दल आहे, त्या पुलापासून चारेक किलोमीटर पुढं.

मी १९ वर्षं झाली गाडी चालवतो. आधी काळी-पिवळी, मग दुसऱ्याच्या टेम्पोवर, आता स्वतःची पिकअप. संत्रा, भाजी, कापूस, सोयाबीन, जे भाडं भेटेल ते. हैदराबाद रोड म्हणजे ४४ नंबर, यवतमाळवरून नांदेडकडं जाणारा ३६१, अमरावती-अकोल्याचा ५३, सगळे पायाखालचे. ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला तेव्हा आम्ही ड्रायव्हर लोकांनी मोबाईलवर फोटो फिरवले होते, अभिमान वाटला होता, कारण त्याच्या आधी त्या रस्त्यानं आमच्या गाड्यांची अन कमरेची वाट लावली होती. म्हणून कोणी असं समजू नका की मी चांगल्या रस्त्याच्या विरोधात आहे. चांगला रस्ता आला म्हणून माझा माल वेळेवर पोचतो, मंडीत दोन पैसे जास्त भेटतात.

पण रस्ता चार पदरी झाला तेव्हा गाव तिथंच राहिलं अन वावरं रस्त्याच्या पलीकडं गेली. आमच्या फाट्यावर डिव्हायडरला कट आहे. सकाळी सहापासून बंड्या, ढोरं, निंदणाला जाणाऱ्या बाया, एसटी पकडणारी कॉलेजची पोरं, सगळे त्याच कटमधून. संध्याकाळी उलटे. रोज, बाराही महिने.

डिसेंबरातली गोष्ट, कापसाचा सीझन. आमच्या शेजारचे काकाजी सांजच्याला सव्वासहाच्या सुमारास बंडीत कापसाची गाठोडी घेऊन वावरातून घरी येत होते. अंधार पडायला लागला होता. बंडीला मागं ना लाईट ना रेडियम. अर्धी बंडी कटमध्ये, अर्धी रस्त्यावर, अन कार आली. मी तेव्हा फाट्यावरच टायरमध्ये हवा भरत होतो. ब्रेकचा आवाज आला, पण आवाज अन धडक यांच्यात काही अंतरच नव्हतं. एक बैल जागीच गेला, दुसरा जू गळ्यात घेऊन उठायला पाहत होता अन उठता येत नव्हतं. काकाजींना आम्ही चौघांनी माझ्याच पिकअपमध्ये टाकलं, मी चालवली, दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले. सकाळी गाडी धुवून फाट्यावर आलो तर डिव्हायडरच्या कण्हेरीला कापूस लटकून होता, रस्त्यावर पसरलेला कापूस रात्रभर ट्रकांनी चेंदून काळा केला होता. काकू त्या दिवशी फाट्यावर आल्या नाहीत, पण त्यांचा मोठा मुलगा आला अन गाठोड्याचं फडकं शोधत राहिला. मला त्याला काही बोलता आलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतो ते ऐका. कार चालवणारा पोट्टा पंचविशीतला, दारू प्यालेला नव्हता, पळाला नाही, रस्त्याच्या कडेला बसून थरथर कापत एकच गोष्ट सांगत होता, "काका, मी शंभरच्या आतच होतो हो, मी शंभरच्या आतच होतो." अन माझा त्याच्यावर विश्वास आहे. केंद्र सरकारची ६ एप्रिल २०१८ ची अधिसूचना आहे, तिच्यात चार पदरी रस्त्यावर कारला १०० ची लिमिट आहे. आमच्या फाट्यावर ती कमी केल्याचा एकही बोर्ड नाही. म्हणजे ज्या जागी रोज बैलबंडी आडवी जाते त्या जागी कायद्यानं शंभर चालते. त्या पोट्ट्याला तुमचा कोणताच कॅमेरा पकडू शकला नसता, अन मला पकडलं ते जिथं टिटवीशिवाय कोणी रस्ता ओलांडत नाही तिथं.

तरी एफआयआरमध्ये काय लिहिलं गेलं? "भरधाव वेगाने व निष्काळजीपणे." साहेब, हे वाक्य विदर्भातल्या सगळ्या ड्रायव्हर लोकांना पाठ आहे, कारण अपघात कसाही होवो, हे वाक्य असतेच. कटवर लाईट नव्हता, बोर्ड नव्हता, बंडीला रेडियम नव्हतं, यातलं काही त्या कागदात येत नाही. अन मग असेच कागद जोडून देशाचा आकडा तयार होतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली अन त्यातले ७१ टक्क्यांच्या वर मृत्यू ओव्हरस्पीडनं, असं केंद्राच्या रिपोर्टमध्ये आहे. मी तो आकडा खोटा म्हणत नाही. पण सगळं खापर स्पीडवर एकदा फोडलं की रस्त्याकडं कोणी पाहत नाही, एवढं मात्र मी १९ वर्षांत पाहिलं.

आता आमच्या ड्रायव्हर भावांचं पण सांगतो, कारण त्यांची बाजू घेऊन खोटं बोलायचं नाही. ढाब्यावर बसलं की हमखास कोणीतरी म्हणते, "स्पीडनं काही होत नाही भाऊ, हात साफ पाह्यजे." मी पण म्हणायचो. काकाजी गेल्यावर माझा भाचा, अकरावी सायन्सला आहे, तो वावर मोजायचा टेप घेऊन आला अन म्हणाला मामा चाल. पहाटे गाड्या कमी असतात तेव्हा आम्ही फाट्याच्या सर्व्हिस पट्टीवर चुन्यानं खुणा केल्या. माणसाला दिसलं अन पाय ब्रेकवर गेला यात एक सेकंद धरला. ६० च्या स्पीडला त्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते, मग ब्रेक लागून आणखी २० मीटर, म्हणजे ३७ वर उभी. ८० ला सेकंदात २२ मीटर, मग ब्रेकमध्ये ३५-३६, म्हणजे ५७-५८ वर उभी. हे कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक धरून, माझी लोड भरलेली पिकअप तर आणखी पुढं जाईल. निंबाच्या झाडापासून चहाच्या टपरीपर्यंत ३७ मीटर भरले, अन त्याच झाडापासून पुढं हापशीपर्यंत ५८. मी म्हटलं २० मीटरचाच तर फरक आहे. तर तो म्हणते, "मामा, वीस मीटरचं नोको पाहू. साठवाली गाडी टपरीपाशी उभी राह्यली नं, त्या टपरीपाशी ऐंशीवाली अजून साठच्या स्पीडनंच हाय." त्यानं वहीत गणित करून दाखवलं. दोन वेळा पाहिलं, बरोबर होतं. म्हणजे टपरीपाशी उभ्या बाईला एक गाडी टेकत पण नाही अन दुसरी ६० नं उडवते. १९ वर्षं गाडी चालवून मला हे माहीत नव्हतं. लायसन काढताना कोणी सांगितलं नव्हतं, आठचा आकडा काढला अन झालं.

म्हणून स्पीड लिमिटनं जीव वाचतो का असं मला कोणी विचारलं तर मी चुन्याच्या खुणा दाखवतो. वाचतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी स्पीड १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्के वाढतो, अन चुन्याच्या खुणा पाहिल्यापासून मला त्यात काही नवल वाटत नाही. अन जोरात चालवून फायदा किती होतो तेही पाहा, दीडशे किलोमीटर ८० ऐवजी ७० नं चाललो तर १६ मिनिटं जास्त लागतात. सोळाच. तेवढा वेळ तर आम्ही ढाब्यावर गाडीची काच पुसण्यात घालवतो.

पण लिमिटनं जीव तेव्हा वाचतो जेव्हा ती योग्य जागी असते अन चालवणारा तिच्यावर विश्वास ठेवतो. तुमच्या बोर्डांवरचा विश्वास कसा गेला ते सांगतो. रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा ठेकेदारानं "काम चालू आहे, वेग ३०" असे बोर्ड लावले. काम संपलं, ठेकेदार गेला, बोर्ड दोन वर्षांपासून तिथंच आहेत. तिथं आता मक्खन रस्ता आहे. कोण ३० नं जाईल? कोणीच नाही, मी पण नाही. रोज चार खोटे बोर्ड ओलांडायची सवय लागलेल्या ड्रायव्हरला पाचवा बोर्ड शाळेचा दिसला तर त्याचा पाय कसा उचलेल? अन शाळेचा बोर्ड तर अर्धा बाभळीत गेलेला आहे, मी मागच्या पोळ्याच्या आधी स्वतः कोयता घेऊन फांद्या छाटल्या, आता परत वाढल्या. खोटे बोर्ड काढायला काय खर्च आहे साहेब? एक माणूस अन एक पाना.

दंडाचं पण असंच. जिथं पोलिसांची स्पीड मोजणारी इंटरसेप्टर गाडी उभी असते तिथून एक किलोमीटर आधीपासून समोरचे गाडीवाले डिप्पर मारून सांगतात, सगळे ब्रेक दाबतात, गाडी दिसेनाशी झाली की परत पाय खाली. चलान दिसतो तो महिन्यांनी, पासिंगच्या वेळी, तोपर्यंत त्या दिवशी आपण कुठं होतो तेही आठवत नाही. मोबाईल नंबर बदललेला असला तर मेसेज पण येत नाही, माझं तेच झालं. अन पुष्कळ जण भरतच नाहीत, लोकअदालतीत कमी होईल म्हणून थांबतात. नियम तर चांगला आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमात २०२१ मध्ये १६७अ आला, कॅमेऱ्यानं पकडलं तर १५ दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे, अन जिथं कॅमेरा आहे तिथं आधी ठळक बोर्ड पाहिजे. पण १५ दिवस पण जास्तच आहेत, अन रक्कम पाहिली तर हलक्या गाडीला कायद्यात १००० ते २०००. माझ्यासाठी ते नागपूरच्या कळमना मंडीच्या दोन चकरांचा नफा आहे, चाळीस लाखाच्या गाडीवाल्याला त्याचं काहीच नाही. रकमेपेक्षा पकडलं जायची खात्री अन ते लवकर कळणं, यानं माणूस सुधारतो. माझा पाय त्या पुलावर आता आपोआप उचलतो, कारण तिथं कॅमेरा आहे हे मला माहीत झालं.

आता यातूनच रस्ता निघतो साहेब. कॅमेरा कुठं आहे हे सगळ्यांना समजते अन तेवढ्याच जागी सगळे हळू होतात, ही जर खरी गोष्ट आहे, तर तो कॅमेरा जिथं माणसं रस्ता ओलांडतात तिथं काऊन लावत नाही? लपवू नका, पिवळ्या रंगाचा लावा, आधी दोन मोठे बोर्ड लावा, "पुढे फाटा, वेग ५०, कॅमेरा आहे". सगळ्यांना माहीत झालं तर चांगलंच, आम्हाला तेवढ्याच चारशे मीटरमध्ये गाडी हळू पाहिजे. चलान एकही फाटला नाही तरी चालेल. सरकारचे पैसे कमी येतील, येऊ द्या.

हे करायला नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ मध्ये लिहून आहे की लोकांच्या सुरक्षेसाठी राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर लिमिट कमी करू शकतो, फक्त तशी अधिसूचना राजपत्रात काढून बोर्ड लावावा लागतो. जिल्हाधिकारी साहेब तुमच्या समितीचे अध्यक्ष असतात, पोलीस, आरटीओ, बांधकाम सगळे एका टेबलावर बसतात. ठराव घेऊन पुढं पाठवायला एक बैठक पुरते.

पण आम्ही अर्ज दिला तेव्हा उत्तर भेटलं की तुमचा फाटा ब्लॅक स्पॉटमध्ये बसत नाही. मी माहिती काढली. पाचशे मीटरच्या आत तीन वर्षांत पाच मोठे अपघात, मृत्यूचे नाहीतर गंभीर जखमीचे, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू, तेव्हा ब्लॅक स्पॉट. आमच्या फाट्यावर तीन वर्षांत तीन. म्हणजे आम्ही आणखी दोघांची वाट पाहायची? कोणाच्या घरचे? हा प्रश्न मी रागानं नाही विचारत, हात जोडून विचारतो. तुमच्या जिल्ह्यात कोणत्या फाट्यावर बंड्या आडव्या जातात, कुठं शाळा आहे, कुठं एसटीचा थांबा रस्त्याच्या पलीकडं आहे, हे एखाद्या कोतवालाला विचारलं तरी दिवसभरात यादी होते. मेलेले मोजायची गरज नाही.

रस्त्याच्या चुकीबद्दल पण कायदा आहे, अन हे मला भाच्यानंच दाखवलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आलं, रस्त्याच्या डिझाईनमध्ये, बांधकामात, देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत अन त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला, डिझाईन करणाऱ्याला, जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. माझी विनंती आहे की प्रत्येक जिल्ह्याच्या समितीनं जाहीर करावं की हे कलम आपल्या जिल्ह्यात किती वेळा लावलं. आमच्या फाट्यावर हायमास्टचा खांब उभा आहे, लाईट लागत नाही, बिल कोणी भरायचं यावर ग्रामपंचायत अन रस्त्यावाले दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. काकाजी गेले तेव्हा तो खांब त्यांच्यापासून दहा पावलांवर होता.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. २०१६ मध्ये तिथं १५१ माणसं मेली होती, २०१९ पर्यंत आकडा शंभराच्या आत आला. नुसत्या दंडानं नाही आला, उघडे खांब अन कठडे बॅरियरनं झाकले, तुटलेले भाग जोडले, स्पीड गन पण लावल्या, अॅम्ब्युलन्स पण सुधारली, सगळं एकावेळी केलं. ते तिकडं होते तर इकडं काऊन नाही? समृद्धीवर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पलटून पेटली, २५ माणसं गेली, त्यात आपल्या विदर्भातली लेकरं होती, कोणी नोकरीसाठी निघालं होतं. त्याच्यानंतर काही दिवस टायर तपासले, ड्रायव्हरला समजावलं, चांगलं होतं ते. पण समृद्धीवर मोठी घटना झाली म्हणून साऱ्या देशाचं लक्ष गेलं. आमच्या फाट्यावर एकेक करून जातात, पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी येतात.

अन रात्रीचं. हे लिहिताना मला थोडी भीती वाटते पण लिहितो. दहानंतर रेतीचे टिप्पर सुटतात. नियमानं टिप्परला ६० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे त्याच्या वर स्पीड जाऊ न देणारं यंत्र पाहिजे. ज्यांना रात्री नदीकाठच्या रोडवर राहायचं काम पडते त्यांना विचारा टिप्पर किती नं जाते. गव्हर्नर पासिंगच्या दिवशी चालू असते, मग वायर काढून ठेवतात, हे सगळ्या गॅरेजवाल्यांना माहीत आहे. दिवसा बारा वाजता मोकळ्या पुलावर उभं राहण्यापेक्षा रात्री बारा वाजता रेती घाटाच्या वळणावर एक गाडी उभी करा. अन दंड ड्रायव्हरला नका करू फक्त, तो पोट्टा खेपेवर पैसे घेते, चार खेपा झाल्या नाही तर मालक दुसरा ठेवते. मालकाला बोलवा. आम्हाला पण मंडीचा व्यापारी पहाटे तीनपासून फोन करते, "कुठं आला, लिलाव सुरू झाला," तेव्हा पाय आपोआप दबतो. हे कारण म्हणून सांगत नाही, पाय माझाच आहे. पण जो फोन करते त्याला कोणी कधी विचारत नाही.

गावाकडून पण चुका आहेत. लोकांनी रागारागात रातोरात मुरूम टाकून ब्रेकर बनवले, जोडरस्त्यावर एक आहे, फूटभर उंच, काही पट्टे नाहीत, त्यावर मागं बसलेली एक बाई पडून डोक्याला मार लागला. इंडियन रोड काँग्रेसचं माप आहे, ३.७ मीटर रुंद अन १० सेंटीमीटर उंच, त्यावरून बंडी पण जाते अन गाडी पण आपोआप हळू होते. हायवेवर ब्रेकर चालत नाही हे मान्य आहे, तिथं खडखड पट्ट्या द्या, अन गावाकडून येणाऱ्या रस्त्यावर मापाचा ब्रेकर द्या म्हणजे आमचे फटफटीवाले पोट्टे पण सरळ हायवेवर घुसणार नाहीत. बंड्या अन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना रेडियम लावायचं काम आम्ही करतो, फाट्यावरच्या सगळ्या ड्रायव्हर लोकांनी वर्गणी काढली आहे, ६४ बंड्यांना लावून झालं. राहिलेल्या पोळ्यापर्यंत होतील.

आमच्याकडून एवढं होते. लाईट, बोर्ड, कॅमेरा आमच्याकडून होत नाही, ते तुमचं आहे.

म्हणून बोलावतो. कोणत्याही दिवशी या, फक्त सांजच्या पावणेसहा ते सात या वेळात या, अन गाडी फाट्याच्या अलीकडं उभी करून पायी या. शेवटची एसटी साडेसहाला येते, तिच्यातून पंधरा-वीस पोरी उतरतात अन दप्तर घेऊन पलीकडं पळतात. त्यांच्यासोबत एकदा रस्ता ओलांडून पाहा. काकाजींचा मोठा मुलगा पण त्याच वेळी बंडी घेऊन येते, आता एकच बैल त्यांचा आहे, दुसरा इर्जिकीत, म्हणजे शेजाऱ्याकडून मदतीला, आणते. चुन्याच्या खुणा पावसानं पुसल्या असतील तर टेप माझ्या गाडीतच असते, परत मोजून दाखवतो.

आपला,
एक पिकअपवाला
फाट्यावरून